सुतळीचं चिलखत

शनिवार, रात्री उशिरा

फोनवर काढत असलेल्या आमच्या छोट्या फिल्मसाठीचं चिलखत आज पूर्ण झालं. जाड सुतळी, जाड सुया, आणि रोज संध्याकाळी आई आणि आत्या आळीपाळीने विणायला बसलेल्या. दोन्ही बाजूंनी नुसते सुलट टाके. विणून झाल्यावर सगळं काळ्या रंगात भिजवलं, गच्चीवर वाळवलं आणि वरून जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी रंग फिरवला. खाचांत काळा राहतो, उंचवट्यावर चंदेरी बसतो, आणि चार पावलं लांबून लोखंडी कड्या दिसायला लागतात.

दिसत होतं छान, पण अंगावर जड पडत नव्हतं. शिलेदाराचं काम करणारा भाऊ ते घालून चालला की स्वेटर घातल्यासारखा चालायचा. आमच्या गोष्टीचा सगळा जीव या वजनात आहे. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका झोपडीत रात्री जखमी शिलेदार येतो. तो झोपल्यावर म्हातारी ते चिलखत जमिनीवरून उचलायला जाते, ते तिला उचलत नाही, आणि लढाईवर गेलेल्या आपल्या मुलाच्या खांद्यावर काय ओझं असेल ते तिला तेव्हा कळतं. संवाद एकही नाही. तिथं सुतळी हलली तर फिल्म संपली.

म्हणून इथल्या, कोल्हापुरातल्या उद्यमनगरात गेलो. ओळखीच्या लेथवाल्या काकांनी भंगारातले वॉशर पिशवीभर दिले, पैसे घेतले नाहीत. ते आतून अस्तरात ओळीने शिवले, खालच्या काठाला जास्त. आता भाऊ आपोआप खांदे टाकून चालतो, बसताना गुडघ्यावर हात ठेवतो. हे त्याला शिकवून आलं नसतं.

फोन सरकवायची ट्रॉलीसुद्धा तिथलीच. लोखंडी अँगलच्या तुकड्यांना बेअरिंग, वर प्लायवूड, खाली रूळ म्हणून पाण्याचे पीव्हीसी पाइप. पाइपच्या सांध्यावर फोन किंचित उडतो, म्हणून शॉट एका पाइपच्या लांबीतच बसवायचा. त्या बंधनामुळे एक लांबलचक, उगाचचा शॉट आपोआप गळला आणि प्रसंग घट्ट झाला.

खरी कॉर्नरवरून परतताना कॅमेरा स्तंभापाशी थोडा वेळ थांबलो. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे. त्यांनी याच गावात स्वतः कॅमेरा तयार केला आणि त्यावर ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला, 1920 साली. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त काय वाटतं, तर त्यांनी ‘घरगुती असूनही बरं’ असं काही केलं नाही. रंगवलेले पडदे त्यांना पुरेनात, म्हणून सेट उभे केले. पोस्टरंही स्वतः रंगवली. त्याआधी दादासाहेब फाळक्यांकडे कच्च्या फिल्मला भोकं पाडण्याचं काम घरातच चालायचं, सरस्वतीबाई ते करायच्या. आईला हे सांगितलं तर म्हणाली, “मग माझं नाव पण पाटीवर टाक की.” टाकणार आहे. वेशभूषा म्हणून, आत्याच्या नावासोबत, मोठ्या अक्षरात.

‘कमी खर्चात केलंय हं’ हे वाक्य मला फिल्मच्या आधी कुणाला सांगायचं नाही. बघणाऱ्याने म्हातारीसाठी हळहळावं, आमच्या सुतळीसाठी नाही.

बाकीची तयारी: मांजरपाटाची बाराबंदी चहाच्या पाण्यात उकळून मळकट केली आहे. पागोटं आजीच्या जुन्या लुगड्याचं. मशालीचा उजेड पुरत नाही, म्हणून दाराआड पिवळा बल्ब आणि त्यापुढे हलवायला झाडाची फांदी, म्हणजे ज्योत थरथरल्यासारखी वाटते. बल्ब घरच्या विजेवर लुकलुकतो, त्यामुळे फोनचा शटर एक-पन्नासांश सेकंदावर बांधून ठेवायचा. आवाज दुसऱ्या फोनवर, तो गवताच्या भाऱ्यात लपवलेला.

किल्ल्यावर चित्रीकरणाला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, म्हणून मामांच्या शेतातली खोप घेतली आहे. मागे पन्हाळ्याची रेघ दिसते, तेवढं पुरे.

उद्या उजाडायच्या आत निघायचं. आधी बाहेरचे शॉट, ऊन चढलं की दाराला घोंगडी लावून आतली रात्र. म्हातारीचं काम करणाऱ्या शेजारच्या काकूंना वॉशरचं मुद्दाम सांगितलेलं नाही. त्यांनी चिलखत पहिल्यांदा उचलायचं ते कॅमेरा चालू असतानाच.