हंपबॅक, ओर्का आणि ग्रिझली: व्हँकूवर बेटाच्या उत्तर टोकाला

देवमासे आणि अस्वलं एकाच सहलीत बघायची असतील तर आधी महिना ठरवा, विमानाचं तिकीट मग. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकूवर बेटाच्या ईशान्येला जी जॉनस्टन सामुद्रधुनी आहे, तिथे हंपबॅक जातीचे देवमासे उन्हाळाभर आणि पार ऑक्टोबरपर्यंत असतात. ओर्का, म्हणजे काळे-पांढरे ‘किलर व्हेल’, जास्त दिसतात ते जुलै ते सप्टेंबर, कारण ते ज्यांच्या मागावर असतात ते चिनूक जातीचे सॅमन मासे तेव्हा समुद्रातून नद्यांकडे परतत असतात. ग्रिझलींचं, म्हणजे तपकिरी अस्वलांचं, वेगळं. बेटावर राहतात ती काळी अस्वलं. ग्रिझली बघायला समोरच्या मुख्य भूमीवरच्या खाड्यांत जावं लागतं. तिथल्या नद्यांत गुलाबी सॅमन चढायला लागले की, म्हणजे ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, ती दिवसाढवळ्या पाण्यात उभी असतात. तिन्ही जुळून येतात ते सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. आम्ही तेव्हाच गेलो आणि कुणी विचारलं तर मी दुसरं काही सुचवणार नाही. मे-जूनमध्येही ग्रिझली दिसतात. तेव्हा ती खाडीकाठचं कोवळं गवत खातात, ओहोटीला दगड उलटून खालचे खेकडे वेचतात. पण त्या दिवसांत ओर्का भरवशाचे नाहीत.

आम्ही राहतो मुख्य भूमीवरच्या व्हँकूवर शहराजवळ, आई-बाबा पुण्याहून आले होते. तिथल्या हॉर्सशू बेहून बेटावरच्या नॅनायमोची फेरीबोट पावणेदोन तासांत पोचवते. गाडी न्यायची असेल तर फेरीचं आरक्षण करूनच निघा, सुट्टीच्या दिवसांत तर नक्कीच. पुढे आमच्या मुक्कामाचं गाव, पोर्ट मॅकनील, साधारण साडेतीनशे किलोमीटर. वाटेतल्या कॅम्पबेल रिव्हर गावात पेट्रोलची टाकी भरा, किराणा घ्या आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. त्यानंतर दोन्ही बाजूंना नुसतं जंगल आहे आणि बराच वेळ रेंज नसते. ओंडके वाहणारे ट्रक मागून वेगाने येतात, त्यांना वाट देऊन मोकळं व्हावं. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा, कारण संध्याकाळी हरणं आणि एल्क थेट रस्त्यावर येतात. भारतातून फिरायला आलेल्यांना इंग्रजीत छापलेल्या भारतीय लायसन्सवर इथे गाडी चालवता येते.

बहुतेक बोटी सुटतात टेलिग्राफ कोव्ह किंवा पोर्ट मॅकनीलहून. टेलिग्राफ कोव्ह ही 1912 साली तारखात्याच्या ठाण्यापासून सुरू झालेली, लाकडी खांबांवर पाण्यावर उभी असलेली चिमुकली वस्ती. 31 डिसेंबर 2024 ला तिथे मोठी आग लागली. धक्क्यावरच्या बऱ्याच जुन्या इमारती आणि देवमाशांच्या सांगाड्यांचं सुरेख संग्रहालय त्यात गेलं. त्यामुळे तिथे आता काय चालू आहे ते बुकिंग करतानाच विचारा. आम्ही पोर्ट मॅकनीलला स्वयंपाकघर असलेली जागा घेतली. गाव लहान आहे, शाकाहारी माणसाला हॉटेलांत पर्याय थोडे; संध्याकाळी खिचडी टाकता आली याचं सुख आई-बाबांना फार होतं.

देवमाशांच्या बोटीला निघालो तेव्हा सकाळी दाट धुकं होतं. हे या भागात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नेहमीचं. दहा-अकराला बहुधा उठतं. धुक्यात बोट अगदी हळू जाते आणि थांबून इंजिन बंद करते, आणि तेव्हाच मला वाटतं सर्वांत चांगलं ऐकू येतं. काही दिसत नव्हतं, पण डावीकडून एक श्वास आला. लांब, खोल, शेवटी किंचित घरघर असलेला. मग थोड्या वेळाने उजवीकडून दुसरा. वाऱ्याची झुळूक आमच्याकडे वळली तेव्हा कुजक्या मासळीचा दर्पही आला.

धुकं उठल्यावर एक हंपबॅक मादी जे करत होती ते मी आधी फक्त वाचलं होतं. ती पाण्याच्या पृष्ठभागावर जबडा सताड उघडून स्थिर उभी राहिली होती. वरून पक्षी हेरिंगच्या पिल्लांच्या थव्यावर सूर मारत होते, आणि ते बिचारे मासे लपायला म्हणून तिच्या तोंडाच्या सावलीत शिरत होते. ती वल्ह्यांसारखे लांब पंख हलवून पाणी आत ढकलत होती. मग जबडा मिटला. ही पद्धत याच पाण्यातल्या हंपबॅकमध्ये 2011 साली पहिल्यांदा नोंदवली गेली आणि एकाचं बघून दुसरा ती शिकत गेला. इथल्या संशोधकांकडे प्रत्येकाच्या शेपटीच्या खालच्या बाजूचे फोटो आहेत, त्यावरून कोण कुठला हे ओळखतात. म्हणूनच कोण कोणाकडून शिकलं हेही कळतं. बोटीवर फोटो काढाल तर शेपूट पाण्यावर उचलली जाते तो क्षण धरा, तो त्यांच्याही कामाचा असतो.

हेच हंपबॅक इथून जवळपास संपले होते. पोर्ट मॅकनीलहून पाऊण तासावर असलेल्या कोल हार्बरचं शिकारकेंद्र 1967 साली बंद झालं, ते या किनाऱ्यावरचं शेवटचं. त्यानंतर कित्येक वर्षं इथे हंपबॅक दिसणं हीच बातमी असे. हिवाळ्यात हे हवाई आणि मेक्सिकोकडे पिलं घालायला जातात. आपल्या अरबी समुद्रातले हंपबॅक मात्र असे ये-जा करत नाहीत, वर्षभर तिथेच राहतात आणि संख्येने अगदी थोडे उरलेत. ही गोष्ट बाबांना बोटीवर सांगितली तेव्हा ते बराच वेळ तिच्याबद्दलच बोलत होते.

ओर्का त्याच दुपारी भेटले. नराचा पाठीवरचा पर उंच माणसाएवढा असतो, लांबूनच ओळखू येतो. इथले मासे खाणारे ओर्का जन्मभर आईजवळ राहतात, मुलगा असो वा मुलगी, आणि प्रत्येक कुळाच्या हाका वेगळ्या. आमच्या कप्तानाने पाण्याखालचा मायक्रोफोन सोडला. आधी दूरच्या जहाजाची घरघर, मग त्यातून किंकाळ्या आणि दार करकरावं तसे आवाज. सील आणि समुद्रसिंह खाणारे दुसऱ्या जातकुळीचे ओर्का शिकार करताना गप्प असतात, कारण भक्ष्याला ऐकू येतं. किनाऱ्यावर रॉबसन बाइट नावाचं राखीव क्षेत्र आहे, 1982 पासूनचं. तिथल्या उथळ पाण्यात ओर्का तळाच्या गोट्यांवर अंग घासतात. बोटींना तिथे जायला मनाई आहे, आणि ती तशीच राहायला हवी.

बोट निवडताना एकच प्रश्न विचारा: प्राणी दिसल्यावर तुम्ही काय करता? कायद्याने हंपबॅकपासून किमान 100 मीटर आणि ओर्कांपासून या भागात 200 मीटर दूर राहायचं असतं. हंपबॅक पिलासोबत किंवा विश्रांती घेत असेल तर त्यालाही 200. जो कप्तान हे आपणहून सांगतो त्याच्यासोबत जा. जो ‘अगदी जवळ नेतो’ म्हणतो त्याच्यासोबत जाऊ नका. हंपबॅक ओर्कांसारखा आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधत नाही, तो कुठेही वर येतो; वेगातल्या बोटीची धडक हा त्याला खरा धोका आहे.

अस्वलांचा दिवस वेगळा ठेवावा, कारण तो पहाटे सुरू होऊन संध्याकाळी संपतो. नाइट इनलेट ही मुख्य भूमीत शंभरावर किलोमीटर आत गेलेली, उंच कड्यांमधली खाडी. बंद केबिनच्या बोटीने साधारण दोन तास जाऊन मग पसरट बुडाच्या उघड्या होडीत बसवतात आणि नदीच्या मुखाशी नेतात. वल्ह्याचा आवाजसुद्धा करू नका असं सांगतात. उभं राहायचं नाही, हात बाहेर काढायचा नाही, आणि खाण्याची कुठलीही वस्तू जवळ ठेवायची नाही. खिशातला खजूरही आईने मोठ्या बोटीवर ठेवला.

दोन पिलांची आई गुडघाभर पाण्यात उभी होती. तिने डोकं बुडवलं, वर आली ती तोंडात मासा घेऊनच. पंज्याने तो दगडावर दाबला, नखांनी कातडी सोलली, अंडी खाल्ली आणि बाकीचा तसाच सोडून पुन्हा पाण्यात. हे वाया घालवणं नाही. मासे मुबलक असले की ती फक्त चरबीचा भाग खाते. उरलेल्यावर गंगाचिल्ल्या, गरुड, कावळे तुटून पडतात, आणि झाडाखाली ओढून नेलेले अवशेष मातीत मिसळतात. नदीकाठच्या झाडांच्या खोडांत समुद्रातून आलेला नायट्रोजन सापडतो तो असाच. पिलं एका मुंडक्यावरून भांडत होती. त्यातलं धाकटं रडत रडत आईच्या पोटाखाली जाऊन बसलं. बाबा एवढंच म्हणाले, “अगं, आवाज तर अगदी माणसाच्या पोरासारखा.”

ही चरबी पुढच्या पिलांच्या जन्मासाठीही असते. ग्रिझलींचं मीलन उन्हाळ्याच्या सुरुवातीला होतं, पण गर्भ शरद ऋतूपर्यंत रुजत नाही. मादी पुरेशी धष्टपुष्ट असेल तरच रुजतो. म्हणजे नदीत सॅमन कमी आले तर त्या हिवाळ्यात पिलंच नाहीत. ब्रिटिश कोलंबियात, म्हणजे इथल्या प्रांतात, हौसेखातर ग्रिझलींची शिकार 2017 साली बंद झाली. सॅमनचं काय होतं याकडे मात्र इथल्या सगळ्यांचं लक्ष काळजीने लागलेलं असतं, आमच्या वाटाड्याचंही. तो याच किनाऱ्यावरच्या आदिवासी समाजातला होता आणि माशांबद्दल जास्त बोलला, अस्वलांबद्दल कमी.

वयस्कर माणसांना न्यायचं असेल तर रबरी झोडियाक बोट टाळा; कंबरेला हिसके बसतात. शौचालय आणि बंद केबिन असलेली मोठी बोट घ्या. सामुद्रधुनी तशी आडोशाची आहे, तरी दुपारी वायव्येचा वारा ओहोटीच्या उलट आला की बोट चांगलीच आपटते, म्हणून सकाळची फेरी बरी, आणि ज्यांना मळमळतं त्यांनी गोळी निघण्याआधी घ्यावी. कपड्यांच्या तीन थरांवर पावसाची पँट हवीच, टोपी आणि हातमोजे सप्टेंबरातही. कॅमेऱ्याला 400 मिलिमीटरपर्यंतची लेन्स पुरते. त्याहून महत्त्वाची दुर्बीण, माणशी एक. जंगलातल्या पायवाटेवर जाणार असाल तर बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला पळवायचा तिखट फवारा, इथेच विकत घ्या, विमानात तो नेता येत नाही. आणि गप्पा मारत चाला. अंगणात, तंबूत, उघड्या डिकीत खाणं ठेवू नका. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल शेवटी गोळी खातं.

धुक्याने एखादी बोट रद्द होते, म्हणून एक दिवस मोकळा ठेवा. तो वाया जात नाही. पोर्ट मॅकनीलहून फेरीने पाऊण तासात अलर्ट बे गाठा आणि उमिस्ता हे संग्रहालय बघा. इथल्या क्वाक्वाका’वाक्व आदिवासींच्या पॉटलॅच या भेटी वाटण्याच्या समारंभावर 1885 ते 1951 बंदी होती. 1921 च्या समारंभानंतर सरकारने जप्त केलेले मुखवटे परत मिळवून 1980 साली त्यांनी ते इथे ठेवले. त्यात ओर्का आहे, अस्वल आहे.

खर्चात सर्वांत मोठा आकडा अस्वलांच्या दिवसाचा, माणशी काहीशे कॅनेडियन डॉलर. देवमाशांची फेरी त्याच्या निम्म्याहून कमी. बुकिंग याच क्रमाने करा: आधी अस्वलं, कारण त्या होड्यांत जागा मोजक्या असतात, मग मुक्काम, मग देवमाशांची बोट, शेवटी नॅनायमोची फेरीबोट. जेवण शाकाहारी हवं हे बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. भारतातून येणाऱ्यांनी व्हिजाचा अर्ज हिवाळ्यातच टाकावा, म्हणजे सप्टेंबरच्या जागा संपायच्या आत पैसे भरता येतील.