दुखायची वाट बघू नका, आधीच गिळा

रेडिएशननंतर माझं जबड्याचं हाड भरून येईना, म्हणून हायपरबॅरिक ऑक्सिजन, म्हणजे जास्त दाबाच्या बंद चेंबरमध्ये बसून ऑक्सिजन घ्यायचा उपचार, सुरू झाला. दार लागलं की चेंबरमध्ये हवा भरून दाब 2.4 वातावरणांपर्यंत नेतात, म्हणजे समुद्रात साधारण 14 मीटर खोल गेल्यासारखं. ऑक्सिजनचा मास्क त्यानंतर. तोवर आपलं काम एकच, कान सांभाळणं.

दाब वाढला की कानाच्या पडद्यामागची हवा आकसते आणि पडदा आत ओढला जातो. घशातून कानाकडे जाणारी नळी उघडली तरच आतबाहेर बरोबरी होते. दाब दुप्पट झाला की हवा निम्मी होते, आणि हे पहिल्या 10 मीटरांतच घडतं. त्यामुळे खरी कसोटी सुरुवातीलाच. फरक फार वाढला तर नळी मिटूनच बसते, मग गिळून काही उपयोग नाही.

जांभई द्या, जबडा हलवा, असं सगळ्यांना सांगतात. माझं तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं आणि रेडिएशनने लाळही आटलेली. कोरडं गिळणार कसं? तंत्रज्ञ ताईंनी उपाय दिला: नाक चिमटीत धरून पाण्याचा लहानसा घोट. दार लागताच पहिला, मग थोड्याथोड्या वेळाने, कान दडपण्याआधीच. घोट उतरताना कानात बारीक ‘टक्’ होतं, की नळी उघडली. नाक दाबून फुंकायचं तर अगदी हलकं. जोर लावला तर आतल्या कानाला इजा होऊ शकते.

रेडिएशनच्या बाजूचा डावा कान मात्र हट्टी. उजव्यात टक् झालं, डाव्यात नाही, की मी लगेच हात वर करायचे. “काकू, थांबवलंय, घाई नाही,” ताई बाहेरून सांगायच्या. दाब किंचित उतरवायचा, पुन्हा घोट, मग पुढे. शेजारचे मधुमेहाची जखम असलेले काका मात्र इतरांचा खोळंबा नको म्हणून दुखणं गिळत बसायचे. हे मला अजिबात पटत नाही. पडद्यामागे रक्त साचलं तर उपचारच थांबवावे लागतात. खोळंबा होऊ दे, पण बोला.

सर्दी असेल तर आत जाण्याआधीच सांगा. नाकातला स्प्रे डॉक्टरांना विचारूनच. नळी उघडतच नसेल तर कानाचे डॉक्टर पडद्यात बारीक नळी बसवतात, त्याला घाबरू नका. वर येताना, म्हणजे शेवटी दाब उतरवताना, कानातली हवा आपोआप निघते. तेव्हा नाक दाबून फुंकू नका, श्वासही रोखू नका.