आईची इस्त्री आणि दहा बोर्ड

गोव्यात सावईवेऱ्याला आमचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग आहे. टाकी भरली की विहिरीवरचा पंप आपोआप बंद व्हावा, एवढंच मला करायचं होतं. ब्रेडबोर्डवर, म्हणजे तारा खोचून जुळणी करायच्या पट्टीवर, सर्किट चाललं, पण पंपाच्या खोलीत तारांचं जंजाळ किती दिवस टिकणार? म्हणून घरीच पीसीबी, म्हणजे तारांऐवजी तांब्याच्या रेघा असलेला सर्किट बोर्ड, करायला बसलो.

पद्धत टोनरची. लेझर प्रिंटरवर मासिकाच्या गुळगुळीत कागदावर ट्रॅक, म्हणजे त्या रेघा, छापायचे आणि कागद तांब्याच्या बोर्डावर पालथा ठेवून इस्त्री फिरवायची. टोनर म्हणजे प्लास्टिकच, तो वितळून तांब्याला चिकटतो. इंकजेटची शाई इथे कुचकामी. पहिला बोर्ड पॉलिश पेपरने नीट घासला नव्हता, अर्धे ट्रॅक कागदाबरोबरच निघून आले. दुसरा सुरेख उतरला, पण उलटा! कागद पालथा पडतो म्हणून मी मुद्दाम आरसाप्रतिमा छापली होती. तांब्याचा खालचा थर सॉफ्टवेअरमध्ये आधीच वरून, आरपार पाहिल्यासारखा म्हणजे उलटाच दिसतो, हे ध्यानात आलं नाही. शेवटी आयसी (चिप) तांब्याच्या बाजूनेच बसवला. दिसायला विचित्र, पण चालला.

टोनरने न झाकलेलं तांबं विरघळवायला फेरिक क्लोराइड लागतं. ती मात्र घरात आणण्यासारखी वस्तू नव्हे. डबा प्लास्टिकचाच हवा, आणि उरलेलं पाणी स्टीलच्या सिंकमध्ये ओतलं तर सिंकलाच खातं. आमच्या धुण्याच्या दगडावरचा तांबूस डाग अजून गेलेला नाही. वापरलेलं द्रावण माडांच्या मुळाशी नको म्हटलं, तर बाबा म्हणाले, "सुपारीच्या कोळेरोगाला आपण बोर्डो फवारतो, त्यात तांबंच असतं ना?" असतं. पण ते मोजून, चुना घालून. हे आम्लधर्मी पाणी, विहिरीपासून दहा पावलांवर. धुण्याचा सोडा घालून गाळ वेगळा काढला आणि बाटलीत भरून ठेवला. ती बाटली अजून तिथेच आहे.

बोर्डाने उन्हाळा काढला. पावसाळ्यात ट्रॅक हिरवे पडले. वर सोल्डर मास्क, म्हणजे तांबं झाकणारा रंगाचा थर, नाही, त्यात हवेत एवढा दमटपणा, आणि पंप चालू-बंद करणाऱ्या रिलेच्या एका बाजूला २३० व्होल्ट. दोन शेजाऱ्यांनाही तसाच बोर्ड हवा होता, पण हे हिरवं प्रकरण त्यांच्या गळ्यात मारायचं धाडस होईना.

मग बाहेर द्यायचं ठरवलं. चीनमध्ये छोटे पाच बोर्ड दोन डॉलरला मिळतात खरे, पण कुरिअर आणि कस्टम धरलं की ती गंमत संपते. देशातच दहा करायला दिले. गर्बर फाइल्स, म्हणजे बोर्डाच्या थरांचे नकाशे, पाठवल्या, भोकांची ड्रिल फाइल विसरलो, ती मागून दिली. दमटपणात वीज इकडून तिकडे जाऊ नये म्हणून रिलेखाली मेन्स (२३० व्होल्ट) आणि पाच व्होल्टच्या मध्ये एक खाचही कापून घेतली. इस्त्रीच्या जमान्यात हे सुचलंही नसतं.

बोर्ड आले. हिरवेगार, पण या वेळी रंगाने. रिले बसवायला घेतला तर पाय जुळेनात. सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतून घेतलेला फूटप्रिंट, म्हणजे पायांच्या भोकांचा आराखडा, दुसऱ्याच रिलेचा! घरी चूक झाली की एक बोर्ड जायचा, इथे दहाच्या दहा गेले. तारा ओढून तीन वापरात आणले, सात फडताळात पडून आहेत. आता ऑर्डरआधी कागदावर खऱ्या मापात छापतो आणि प्रत्येक भाग त्यावर टोचून बघतो. पाच रुपयांचं काम.

यंदा चवथीच्या आधी पंपाची पेटी उघडली. बोर्ड ठणठणीत, ट्रॅक कोरडे. रिलेखालच्या त्या खाचेत मात्र मुंग्यांनी घर केलं होतं.