ओर्नियासची खाण

जेरुसलेमच्या दमास्कस गेटकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला, तटाच्या पायथ्याशीच, एक बारकंसं दार लागतं. वरती जुनं शहर नांदतंय आणि खाली ही भलीमोठी चुनखडीची खाण. तीळ लावलेले लांबुडके पाव विकणाऱ्यांच्या गर्दीतून वाट काढत आत शिरलो आणि अंगावर गारवाच आला.

कुणी हिला सिद्कीयाची गुहा म्हणतात, कुणी शलमोनाची, म्हणजे बायबलमधल्या सॉलोमन राजाची खाण. बाबिलोनी सैन्याच्या तावडीतून यहूदाचा शेवटचा राजा सिद्कीया इथूनच यरीहो शहराकडे पळाला, अशी दंतकथा. १८५४ साली बार्कले नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने ही विस्मरणात गेलेली जागा पुन्हा शोधली.

मी मात्र आलो होतो ओर्नियाससाठी. ‘टेस्टमेंट ऑफ सॉलोमन’ या ग्रीक ग्रंथातलं हे एक फुटकळ भूत. ग्रंथ इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला. मूळ दंतकथा ज्यू, वर ख्रिस्ती हात फिरलेला. शलमोनाच्या जेरुसलेममधल्या मंदिराचं काम चालू असतं. मुख्य कारागिराच्या हाताखालच्या पोराला शलमोन दुप्पट मजुरी देतो, तरी पोरगं वाळतच चाललेलं. राजा विचारतो तेव्हा कळतं, की ओर्नियास रोज संध्याकाळी येतो, निम्मी मजुरी नि निम्मं जेवण पळवतो आणि वर पोराचा उजवा अंगठा चोखतो! भुताने पोराच्या मजुरीत वाटा मागावा, ही कल्पना बांधकामावर राबलेल्या माणसालाच सुचावी. सैतानांचा राजा बेलझबूल वगैरे पुढे येतातच, पण मला त्यांच्यात रस नाही.

मग मीखाएल देवदूत शलमोनाला भुतांना काबूत आणणारी अंगठी आणून देतो. राजा ती पोराकडे सोपवतो. पोरगं ती भुताच्या छातीवर फेकतं. भूत किंचाळतं, जगातलं सगळं सोनंचांदी देऊ करतं. पोरगं बधत नाही. राजा भुताला दगड फोडायला लावतो, तर ते गयावया करतं, कारण त्याला लोखंडाची धास्ती! आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवतात, तेच मला आठवलं.

आत एका ठिकाणी अर्धवट सुटलेला चिरा तसाच आहे. तीन बाजूंनी चर खणलेले, मागची बाजू अजून डोंगरालाच चिकटलेली. छिन्नीचे घाव तिरके, एकाखाली एक. बोट फिरवलं तर पांढरी भुकटी लागते. छतातून पाणी ठिबकतं, त्याला सिद्कीयाचे अश्रू म्हणतात. शलमोनाच्या काळात इथे दगड काढला, याचा पुरावा मात्र नाही. शलमोनानंतर कित्येक शतकांनी झालेल्या हेरोद राजाच्या बांधकामांशी या खाणीचा संबंध जोडतात, आणि ते जास्त पटतं.

ओर्नियासचा आणखी एक किस्सा आहे. एक म्हातारा मजूर मुलाची तक्रार घेऊन दरबारात येतो आणि मुलाला देहदंड द्या म्हणतो. ओर्नियास खो खो हसतो. का हसलास, तर म्हणे हा मुलगा थोड्याच दिवसांत आपणहून मरणार आहे. तसंच होतं. तुला कसं कळलं, असं राजा विचारतो. भूत सांगतं: आम्ही वर उडत जाऊन देवाचे निवाडे चोरून ऐकतो, पण तिथे टेकायला जागा नाही, म्हणून दमून खाली पडतो, लोकांना वाटतं तारा तुटला.