डाळीचे पाणी नव्हे, डाळ

आमच्या साताऱ्याकडे बाळाला सहा महिने पूर्ण होऊन मामाच्या हातून उष्टावण झाली, की दुसऱ्या दिवसापासून त्याच्या वाटीत काय यायचे हे बहुतेक घरांत आधीच ठरलेले असते. वरणावरचे निवळ पाणी, भाताची पेज आणि फार तर मुगाचे पातळ कढण. हे पदार्थ पचायला हलके, म्हणून बाळासाठी उत्तम, असा त्यामागचा विचार आहे आणि तो मायेतूनच आलेला आहे. अडचण सुरू होते ती बाळ तोंड फिरवू लागल्यावर. घट्ट घास त्याला उतरत नसेल असे समजून तीच वाटी आणखी पातळ केली जाते, बाळ तेही सांडून टाकते, मग घरातले सगळे त्याच्याभोवती जमतात, कोणी टाळ्या वाजवतो, कोणी मोबाईल पुढे धरतो आणि कोणी दोन्ही हात धरून चमचा आत सारतो. माझा मुलगा पहिल्या घासापासूनच चोखंदळ निघाल्यामुळे या विषयावर मला बरेच वाचावे लागले, आमच्या बालरोगतज्ज्ञांना आणि अंगणवाडीच्या ताईंना पुन्हा पुन्हा विचारावे लागले. त्यातून माझे जे मत पक्के झाले ते असे, की खायला कुरकुरणाऱ्या बाळाची वाटी पातळ करण्याऐवजी घट्ट करावी, लहान करावी आणि किती खायचे हे त्याच्यावर सोडावे.

वाटी घट्ट का करायची, हे बाळाच्या पोटाच्या मापावरून कळते. या वयात पोटात एका वेळी दर किलो वजनामागे साधारण ३० मिलिलिटर एवढेच मावते. म्हणजे सात किलोच्या बाळाचे पोट दोनशे मिलिलिटरच्या आसपास भरते. एवढ्याशा जागेत डाळीचे पाणी ओतले, की पोट भरल्याची जाणीव बाळाला होते, पण अंगी लागण्यासारखे फारसे काही जात नाही, कारण डाळीतली प्रथिने आणि पिष्ट खालच्या गाळात राहतात आणि तो गाळ मोठ्यांच्या आमटीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाप्रमाणे सहा ते आठ महिन्यांच्या अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत सुमारे ३०० आणि वर्षानंतर सुमारे ५५०. बाकीची गरज आईचे दूध भागवते, आणि ते दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही चालू ठेवावे असेच सांगितले जाते. हा २०० चा आकडा वाचून मला फार धीर आला, कारण घट्ट खिमटात चमचाभर साजूक तूप घातले तर त्या पाच ग्रॅम तुपातूनच सुमारे ४५ कॅलरी मिळतात. सुरुवातीला एका वेळी दोन-तीन मोठे चमचे आणि हळूहळू वाढवत २५० मिलिलिटरच्या वाटीची अर्धी वाटी, दिवसातून दोन ते तीन वेळा, एवढे या वयाला पुरते.

घट्ट म्हणजे किती, याची खूण अंगणवाडीच्या ताईंनी आमच्या ओसरीवर बसून दाखवली. त्यांनी चमचाभर खिमट घेतले आणि चमचा हळूच आडवा केला. ते चमच्याच्या कडेला येऊन थबकले, जरा वेळ तसेच राहिले आणि मग एकगठ्ठा वाटीत पडले. धार लागून ओघळले असते तर ते पातळ समजायचे. त्यानंतर त्यांनी बोटाने थोडे जिभेवर घेऊन कण लागतात का ते पाहिले. खिमट आमच्याकडे तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, वाळवून, मंद भाजून रवाळ दळतात, दळताना चिमूटभर जिरे टाकतात आणि लागेल तसे पाण्यात शिजवतात. तेच पीठ, तेच पातेले, फक्त पाणी निम्मे, एवढाच फरक आम्ही केला.

माझ्या सासूबाई जावळी खोऱ्यातल्या. त्यांच्या माहेरी डोंगरउतारावर नाचणी पिकते आणि मोड आणलेल्या नाचणीचे पीठ बाळंतिणीला व बाळाला देण्याची रीत तिथे जुनी आहे. घट्ट खाऊ घालायचे म्हटल्यावर त्या प्रथम काळजीत पडल्या. “अगं, एवढं दाट त्याच्या घशाखाली उतरंल का? ठसका लागंल लेकराला,” असे त्या म्हणाल्या. या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच रीतीत दडलेले आहे, हे मला पुढे वाचताना समजले. नाचणी रात्रभर भिजवून फडक्यात बांधली की मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचे विकर तयार होते. पीठ पाण्यात कालवून तापवू लागलो की हे विकर पिष्टाचे लांब धागे तोडते, त्यामुळे पेज फुगून चिकट गोळा होत नाही. साध्या पिठाची पेज गिळण्याइतकी सैल ठेवायची तर पीठ कमी घालावे लागते, आणि मोडाच्या पिठाची पेज जास्त पीठ घालूनही सैल राहते. म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त धान्य बसते. शिवाय नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असते, जे तांदळाच्या किंवा गव्हाच्या कितीतरी पट आहे. मोड सुती फडक्यावर सावलीत चांगले वाळवावेत, हलके भाजावेत आणि बुरशीचा वास आल्यास ती नाचणी टाकून द्यावी. पीठ फार बारीक चाळून कोंडा काढून टाकण्याची गरज नसते.

आता बाळाच्या नकाराविषयी. पहिल्या काही दिवसांत जीभ घास बाहेर ढकलते तेव्हा बाळ नको म्हणत नसते. तान्हेपणी जिभेची ती उपजत हालचाल असते आणि चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान ती ओसरते. कोणाची थोडी लवकर, कोणाची उशिरा. तोंड वाकडे करणे, डोळे मिटून घेणे, अंग शहारणे यांचाही अर्थ नावड असा लावण्याची घाई करू नये. नवी चव अंगवळणी पडायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून अधिक वेळा ती पुढे यावी लागते, आणि आपण मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच ‘याला भोपळा आवडत नाही’ असे जाहीर करून टाकतो. माझ्या मुलाला लाल भोपळा बरेच दिवस चालला नाही. रोज अर्धा चमचा त्याच्यापुढे येत राहिला, त्याने नाकारला तर कोणी काही बोलत नसे, आणि एका दुपारी त्याने स्वतःच वाटीत हात घालून बोटे चोखली.

खरा नकार ओळखणे अवघड नसते. ओठ घट्ट मिटणे, मान पूर्ण फिरवणे, चमचा हाताने उडवणे, पाठ ताणून रडणे. यांतले काहीही दिसले की वाटी उचलावी. मांडीवर आडवे घेऊन, नाक दाबून किंवा रडताना उघडलेल्या तोंडात चमचा ओतण्याची जी पद्धत अजून काही घरांत दिसते, तिच्याविषयी मला मनापासून तीव्रपणे सांगावेसे वाटते की ती थांबवावी. त्यात घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका आहेच, आणि वाटी दिसताच रडणारे मूल तयार होते ते याच पद्धतीने. बाळाला टेकू देऊन ताठ बसवावे, आपण त्याच्यासमोर त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे, चमचा ओठांपाशी नेऊन थांबावे आणि तोंड उघडण्याची वाट पाहावी. वीस-पंचवीस मिनिटांत जे होईल ते होईल. मोबाईल दाखवला की तोंड उघडते हे खरे, पण त्या वेळी बाळ पोट भरल्याची खूण ऐकत नसते, आणि ती खूण ऐकण्याची सवय तर त्याला आत्ताच लागायची असते.

वेळ निवडणे हेही निम्मे काम आहे. नुकतेच दूध प्यायलेले बाळ खात नाही आणि फार भुकेलेले बाळ चमच्यावर चिडते, त्याला दूधच हवे असते. झोप झालेली आहे आणि दूध पिऊन तासभर होऊन गेला आहे, अशी सकाळची वेळ आमच्या घरी सर्वांत चांगली ठरली. दात येताना, सर्दीत किंवा लस दिल्यानंतरच्या दिवशी बाळ कमी खाते, तेव्हा दूध अधिक वेळा द्यावे.

मिक्सरविषयी थोडे सांगायला हवे. सगळे गुळगुळीत वाटून देण्याची सोय आता घरोघरी आहे आणि चोखंदळ बाळ ते पटकन गिळते, म्हणून वर्षभर तेच चालू राहते. पण घोटलेला, किंचित कणीदार घास दहा महिन्यांपर्यंत तोंडात आलाच नाही, तर पुढे तो स्वीकारणे मुलाला जड जाते, असे निरीक्षण आहे. म्हणून सातव्या महिन्यापासून वाटण्याऐवजी रवीने किंवा चमच्याच्या पाठीने घोटावे आणि आठव्या महिन्याच्या सुमारास मऊ उकडलेल्या रताळ्याची किंवा गाजराची बोटाएवढी फोड हातात द्यावी. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा मऊ शिजवून, साल काढून, कुस्करून दिला तर पोत आणि प्रथिने दोन्ही मिळतात. अशा वेळी बाळ उमळते, खोकते, चेहरा लाल होतो आणि आपला जीव खालीवर होतो. आवाज येत आहे, खोकला येत आहे, तोवर ते स्वतःच घास पुढे आणत असते. आवाज बंद होऊन ओठ निळसर पडू लागले तर तो खरा अडकलेला घास, आणि तेव्हा तातडीने मदत लागते. अख्खे शेंगदाणे, चणे, द्राक्षे, कच्च्या गाजराचे तुकडे म्हणूनच द्यायचे नसतात.

शेंगदाण्याचे नाव निघाले म्हणून सांगते. आपल्याकडे भुईमूग घरचा, तरीही बाळाला दाण्याचा कूट वर्षापर्यंत द्यायला लोक घाबरतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या ‘लीप’ अभ्यासात, ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या ज्या बाळांना चार ते अकरा महिन्यांच्या दरम्यान शेंगदाण्याचे पदार्थ सुरू केले, त्यांच्यात पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी खूपच कमी आढळली. अगदी बारीक कूट पेजेत मिसळून थोड्या प्रमाणात सुरू करता येतो. बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. पूर्ण शिजवलेले अंडेही सहा महिन्यांनंतर चालते, आणि ते ज्या घरात खाल्ले जाते तिथे बाळाला त्यापासून दूर ठेवण्याचे कारण नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती लोहाची. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो, आईच्या दुधात लोह थोडेच असते, आणि नेमक्या त्याच वेळी आपण डाळीचे पाणी सुरू करतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. म्हणून डाळ, कडधान्ये, पालेभाजी, अंडे, खात असल्यास घोटलेले चिकन किंवा कलेजी वाटीत यायला हवी, आणि वर लिंबाचे दोन थेंब पिळावेत, कारण ‘क’ जीवनसत्त्वामुळे वनस्पतीतले लोह चांगले शोषले जाते. चहात बुडवलेले बिस्कीट याच्या अगदी उलट काम करते. चहा लोह अडवतो आणि बिस्कीट भूक मारते. गाईचे दूध वर्षाच्या आत मुख्य पेय म्हणून देऊ नये. आशाताईंकडून सहा महिन्यांपुढच्या मुलांसाठी लोहाचे सिरप मिळते, आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर. ते नियमित द्यावे, त्याने शौचाला काळपट झाले तरी घाबरू नये. मध मात्र वर्षाच्या आत बोटावरसुद्धा चाटवू नये, त्यातल्या जिवाणूच्या बीजांमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. गुटी मधात उगाळून देणाऱ्या घरांत हे सांगणे सोपे नसते, तरी सांगावे.

‘याचे पोट भरत नाही’ ही घरातल्यांची भीती वजनाच्या आलेखाने जेवढी शमते तेवढी कोणत्याही बोलण्याने शमत नाही. बाळाचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होते. म्हणजे तीन किलोचे बाळ पाच महिन्यांत तीन किलो वाढते आणि पुढच्या सात महिन्यांत पुन्हा तेवढेच. वाढीचा वेग मंदावला की भूकही त्या मानाने घटलेली दिसते. माता-बाल संरक्षण कार्डावरची रेष आपल्या वाटेने वर जात असेल तर एखाद्या दिवशीच्या उरलेल्या वाटीला महत्त्व देऊ नये. ती रेष सलग दोन महिने सपाट राहिली, प्रत्येक घासाला ठसका लागू लागला, दहाव्या महिन्यातही कणीदार काहीच चालेना किंवा लघवी कमी झाली, तर घरगुती उपाय न करता बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

आमच्या घरी आता मुलासाठी वेगळे पातेले चढत नाही. वरण घोटून झाले की मीठ, तिखट आणि फोडणी पडण्यापूर्वी त्याच्यासाठी डावभर दाट वरण बाजूला निघते, त्यात आसट भात, तूप आणि घोटलेली पालेभाजी कालवली जाते. हे काढून ठेवण्याचे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले आहे आणि त्या डाव पातेल्याच्या तळापर्यंत नेऊन डाळ वर काढतात. तो आमच्या पंगतीत बसतो, अर्धे खातो, अर्धे जमिनीवर पसरवतो, आणि त्याने हात मागे घेतला की त्याचे जेवण झाले असे आम्ही सगळे मानतो.