मोंबासाच्या रीफवर सी अर्चिनचं जेवण बघायचं असेल तर

केनियातल्या मोंबासाच्या उत्तरेला न्याली, बामबुरी, शांझू असा किनारा लागतो. बाहेर प्रवाळांची भिंत म्हणजे रीफ, आत उथळ पाण्याचं लगून. यातला एक भाग 1986 पासून मरीन नॅशनल पार्क आहे, पण मासेमारी खरोखर थांबली ती 1990 नंतर. शहराच्या दक्षिणेला लिकोनीची फेरी ओलांडून खाली गेलं की डियानी, तिथे मासेमारी चालूच. सी अर्चिन, म्हणजे काटेरी, गोलसर समुद्री प्राणी, बघायला ही जोडी उत्तम: दोन्हीकडे तेच प्राणी, पण खाण्याची तऱ्हा वेगळी.

वेळ मात्र आधी जुळवा. इथे उधाणाला पाण्यात साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो आणि पूर्ण ओहोटी सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या आसपास लागते. मुंबईत उधाणाची ओहोटी सहाच्या सुमाराची. त्या सवयीने इथे पहाटे उतरलात तर फक्त पाणीच दिसेल. डिसेंबर ते मार्च या कास्काझी वाऱ्याच्या दिवसांत पाणी नितळ असतं, कुसीचे, म्हणजे दक्षिणेकडचे, वारे सुटले की गढूळ. मी जाड तळाचे बूट घालतो. रबरी चपला इथे कामाच्या नाहीत.

सगळ्यात जास्त दिसतो तो एकायनोमेट्रा मथेई. लिंबाएवढा, आखूड काट्यांचा, प्रत्येक काट्याच्या बुडाशी पांढरी कडी. पार्कच्या आत तो दिवसभर स्वतः कोरलेल्या बिळात बसतो. लाटेबरोबर शैवालाचा तुकडा येऊन काट्यांत अडकला की नळीसारखे पाय त्याला धरतात आणि हळूहळू खाली, तोंडाकडे पोचवतात. शेजारचा बिळात घुसू लागला तर ढकलाढकली होते, चावाचावीसुद्धा. बाहेर न येण्याचं कारण बालिस्टापस, म्हणजे नारिंगी रेघांचा ट्रिगरफिश. हा मासा अर्चिनचं कवच फोडून आतलं खातो. डियानीकडे हे मासे जाळ्यात जातात, म्हणून तिथे तोच अर्चिन उघड्यावर येऊन चरतो.

चरणं म्हणजे नक्की काय, ते बघायला झाकण नसलेला पारदर्शक प्लास्टिकचा डबा न्या. पार्कच्या बाहेर, सुटा सापडलेला एखादा अर्चिन समुद्राच्या पाण्यासकट डब्यात ठेवा. थोड्या वेळात तो तळाला चिकटतो. मग डबा उचलून खालून बघा. मधोमध पाच पांढरे दात एका ठिपक्यावर मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. मागे चुन्याच्या तुकड्यांची आणि स्नायूंची मोठी यंत्रणा आहे, तिला अ‍ॅरिस्टॉटलचा कंदील म्हणतात. दात झिजतात तसे मागून वाढत राहतात आणि झिजताना धार टिकून राहते. खडकावर पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखे ओरखडे दिसले, तर तिथे अर्चिन जेवून गेला असं समजा. पाहून झालं की त्याला उचलला होता तिथेच सोडा.

त्याला हवं असतं शैवाल, पण ते मेलेल्या प्रवाळावर पातळ थरासारखं बसलेलं किंवा आतही शिरलेलं. खरवडताना खडक सुटत नाही, त्यामुळे पोटात चुनाच जास्त जातो. गुदद्वार डोक्यावर असल्याने विष्ठेच्या पांढुरक्या गोळ्या काट्यांतून घरंगळताना दिसतात. एक गोळी बोटांत चुरडा, बारीक वाळू लागेल. व्हिनेगरचा थेंब टाकलात तर फसफसेल.

ही वाळू थोडीथोडकी नसते. केनियाच्या रीफवरची 2001 साली प्रसिद्ध झालेली मोजणी सांगते, की जुन्या संरक्षित भागात अर्चिन वर्षाला दर चौरस मीटर सुमारे 50 ग्रॅम चुनखडी झिजवतात, मासेमारीच्या भागात सुमारे 1180 ग्रॅम. एकट्या एकायनोमेट्राचा रोजचा वाटा 0.1 ग्रॅमच, पण संख्या भरमसाट. एकायनोथ्रिक्स हा दुसरा, मोठा अर्चिन मात्र दिवसाला साडेपाच ग्रॅमपर्यंत जातो. म्हणून अर्चिन नकोतच असंही नाही. 1983 साली पनामापासून सुरू झालेल्या रोगाने कॅरिबियनमधले लांब काट्यांचे डायाडेमा जवळजवळ संपवले, आणि बऱ्याच ठिकाणी प्रवाळांवर शैवाल माजलं. खरवडलेल्या स्वच्छ जागेवरच प्रवाळाची पिल्लं बसतात. मात्र अर्चिन फार झाले की तीही खरवडली जातात.

इथेही डायाडेमा आहे, तो रात्री बाहेर पडतो. टॉर्चचा झोत थेट मारू नका, सावली पडली की काटे तिकडे वळतात. लगूनमधल्या समुद्री गवतात ट्रिप्न्युस्टेस हा आणखी एक अर्चिन दिसेल, डोक्यावर गवताची पानं आणि शिंपल्यांचे तुकडे घेतलेला. हा खडकाच्या नादी फारसा लागत नाही, गवतच खातो. एकत्र जमून पुढे सरकले की मागे नुसती बोडकी खुंटं राहतात.

काटा रुतलाच तर सुईने उकरत बसू नका. डायाडेमाचा काटा ठिसूळ, आतल्या आत आणखी तुटतो. सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा-पाऊण तास बुडवा, वर राहिलेलं टोक चिमट्याने काढा. नुसता काळा डाग राहिला तर तो बहुतेक रंगच असतो, एक-दोन दिवसांत जातो. त्यानंतरही दुखत राहिलं, किंवा काटा सांध्याजवळ असला, तर डॉक्टर गाठा.