तुम्ही विचारलंत म्हणून : बिझेची सतराव्या वर्षीची सिम्फनी

‘कार्मेन’ हा ऑपेरा, म्हणजे गायलं जाणारं नाटक, ऐकून झालेले बरेच जण एकच प्रश्न विचारतात. गाणारे आणि रंगमंच बाजूला ठेवून, नुसत्या वाद्यवृंदासाठी त्याचा फ्रेंच संगीतकार जॉर्ज बिझेने काही लिहिलंय का? आणि लिहिलं असेल तर सुरुवात कुठून करायची?

लिहिलंय. सुरुवात करायची ती ‘सी मेजर’ सिम्फनीपासून (सिम्फनी म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना, ‘सी मेजर’ हा तिचा घरचा सूर), आणि तीही तुकड्यातुकड्यांत नाही, सलग. अर्ध्या तासाचं काम आहे. ‘कार्मेन सुइट’ (सुइट म्हणजे निवडक तुकड्यांची माळ) या नावाने जे वाजतं ते बिझेच्या मृत्यूनंतर इतरांनी ऑपेरातून निवडून जुळवलेलं आहे. ‘लार्लेझिएन’ या नाटकाच्या संगीताचा दुसरा सुइटही त्याचा मित्र एर्नेस्त गिरो याने 1879 मध्ये बांधला. सिम्फनीचं तसं नाही. तिची पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंतची वाद्यरचना बिझेच्याच हातची आहे.

बिझेचा जन्म 25 ऑक्टोबर 1838 चा. या सिम्फनीच्या हस्तलिखितावर सुरुवातीची तारीख आहे 29 ऑक्टोबर 1855, म्हणजे सतरा पूर्ण होऊन चार दिवस झाले होते. नोव्हेंबर संपेपर्यंत चारही भाग तयार होते. तेव्हा तो पॅरिस कॉन्झर्व्हेत्वार या संगीत महाविद्यालयात विद्यार्थी होता. दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आधीच, 1848 मध्ये, त्याला तिथे प्रवेश मिळाला होता. मार्मोंतेलकडे पियानो आणि आलेव्हीकडे रचना असं शिक्षण चालू होतं. काउंटरपॉइंटचे, म्हणजे अनेक सुरावटी एकाच वेळी गुंफण्याच्या विद्येचे, गुरू त्सिमरमान. त्यांच्या ऐवजी त्यांचे जावई शार्ल गुनो अधूनमधून वर्ग घ्यायचे, आणि खरा प्रभाव पडला तो या गुनोंचा.

गुनोंचं नाव इथे महत्त्वाचं आहे, कारण त्यांची ‘डी मेजर’ सिम्फनी त्याच वर्षाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये वाजली आणि लोकांना आवडली. तिचं पियानोवर वाजवता येईल असं रूपांतर करायचं काम बिझेकडे आलं. असं रूपांतर करताना मूळ रचनेचा स्वर न् स्वर हाताखालून जातो. कोणतं वाद्य कुठे थांबतं, बासऱ्या सुरावट उचलतात तेव्हा व्हायोलिन काय करत असतात, एका सुरातून दुसऱ्यात जायला किती मात्रा घेतल्यात, हे सगळं कळल्याशिवाय ते होतच नाही. त्यानंतर काही महिन्यांत बिझेने स्वतःची सिम्फनी लिहिली आणि गुनोंच्या रचनेच्या खुणा तिच्यात जागोजागी उतरल्या. सर्वांत ठळक खूण दुसऱ्या भागात सापडते. गुनोंच्या संथ भागाच्या मध्यावर एक छोटा फ्यूग आहे, म्हणजे एकाच सुरावटीचा एका वाद्यगटाने सुरू करून दुसऱ्याने, मग तिसऱ्याने केलेला पाठलाग. बिझेच्याही संथ भागाच्या मध्यावर तोच प्रकार आहे.

याला नक्कल म्हणून नाकं मुरडणारे असतात. मला ते पटत नाही. शिष्य गुरूची बंदिश गळ्यावर चढवतो आणि कधीतरी एका जागेवर त्याचा स्वतःचा आवाज लागतो, तसंच इथे घडलंय. साचा गुनोंचा आहे, त्यामागे हायडन, मोझार्ट, मेंडेल्सॉन आहेत, आणि त्या साच्यात भरलेल्या सुरावटी गुनोंना कधी सुचल्या नसत्या अशा आहेत. हा फरक कान देऊन ऐकणं हीच ही सिम्फनी ऐकण्याची खरी गंमत आहे.

आता प्रत्यक्ष ऐकण्याकडे येऊ.

वाद्यवृंद मध्यम आकाराचा आहे. दोन बासऱ्या, दोन ओबो (दुहेरी पत्तीचं फुंकवाद्य), दोन क्लॅरिनेट, दोन बसून (खालच्या सुरांचं फुंकवाद्य), चार हॉर्न, दोन ट्रम्पेट, टिंपनी (नगाऱ्यासारखी तालवाद्यं) आणि तंतुवाद्यं. ट्रॉम्बोन नाहीत. त्यामुळे आवाज कितीही चढला तरी जड होत नाही. जड झालाच तर तो दोष वाजवणाऱ्यांचा समजायचा.

पहिल्या भागात सगळा वाद्यवृंद एक ठाम स्वरमेळ वाजवतो आणि लगेच तंतुवाद्यांची उड्या मारत चढणारी सुरावट सुरू होते. हा पहिला विषय. त्याच्या धावपळीतून वाट काढत ओबो दुसरा विषय घेऊन येतो. त्याचे स्वर लांब, सलग आणि गाते आहेत, आणि खाली पहिल्याची चुळबुळ चालूच असते. हे दोन विषय ओळखता आले की भागाचा नकाशा हातात आला. दोन्ही मांडले जातात, मग त्यांची मोडतोड होते, मग दोन्ही घरच्या सुरात परत येतात. मांडणी पूर्ण झाल्यावर ती पहिल्यापासून पुन्हा वाजवावी अशी खूण स्कोअरमध्ये (छापील स्वरलेखनात) आहे. काही संचालक (वाद्यवृंद चालवणारे) ती पाळतात, काही गाळतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने पाळलेलं ध्वनिमुद्रण निवडावं. पहिल्या फेरीत निसटलेलं दुसऱ्या फेरीत सापडतं.

दुसरा भाग हा या सिम्फनीचा प्राण. सूर ए मायनर. आधी काही मात्रांची गंभीर, चाचपडणारी प्रस्तावना. मग व्हायोला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, खालच्या सुराचं वाद्य) बोटांनी तारा छेडत हलका ठेका धरतात आणि त्यावर एकटा ओबो गायला लागतो. सुरावट लांबलचक आहे, वळणं घेते, टोकाशी नक्षीसारखे छोटे स्वर लावते. तिला किंचित पूर्वेकडचा रंग आहे, जो पुढे ‘ले पेशर द पेर्ल’ या सिलोनमध्ये घडणाऱ्या ऑपेरात बिझेने मनसोक्त वापरला. ओबोचं झालं की व्हायोलिन एक रुंद, उंच जाणारी सुरावट घेतात. त्यानंतर तो फ्यूग येतो. त्याचा विषय प्रस्तावनेतूनच घेतलेला आहे, म्हणून सुरुवातीच्या त्या काही मात्रांकडे दुर्लक्ष करू नका. फ्यूग विरला की ओबो परततो.

ही ओबोची जागा प्रत्यक्ष वाजवायला अवघड का, ते समजलं की ऐकण्यात फरक पडतो. ओबोच्या दुहेरी पत्तीमधली फट इतकी बारीक असते की त्यातून हवा फार थोडी जाते. वादकाचा श्वास संपत नाही, उलट छातीत वापरलेली हवा साठून राहते. ती आधी बाहेर सोडायची आणि मग नवी घ्यायची, अशी दोन कामं एका छोट्या विरामात उरकावी लागतात. बिझेची सुरावट तसे विराम फार देत नाही. संचालकाने लय जरा जास्त संथ धरली की वादकाला ओळ मध्येच तोडावी लागते, आणि सुरावटीचं वळण तिथेच मोडतं. चांगला संचालक इथे लय व्हायोलांच्या छेडण्यावरून ठरवत नाही, ओबोवाल्याच्या श्वासावरून ठरवतो. दुसरी चूक व्हायोलांकडून होते. बोटांनी छेडलेला स्वर जरा जोरात आला की तो ठोका वाटतो आणि ओबोची ओळ त्या ठोक्यांना बांधली जाते. तो स्वर जेमतेम ऐकू यावा. फोनच्या स्पीकरवर तो गायबच होतो, म्हणून या भागासाठी तरी हेडफोन लावा.

तिसरा भाग जी मेजरमधलं उसळतं स्केर्त्सो, म्हणजे वेगवान, खेळकर भाग. त्याच्या मधल्या भागात, ज्याला ट्रिओ म्हणतात, एक जागा आपल्या कानांना लगेच ओळखीची वाटेल. खालची वाद्यं षड्ज-पंचम धरून ठेवतात आणि त्या आसेवर लाकडी फुंकवाद्यं खेड्यातल्या नाचासारखी सुरावट वाजवतात. युरोपातल्या मश्कवाद्याचा (बॅगपाइपचा) हा आभास आहे. ती सुरावट नवी नाही. स्केर्त्सोचीच चाल वेष बदलून आली आहे. सतराव्या वर्षीची ही काटकसर मला फार आवडते.

चौथा भाग व्हायोलिनवाल्यांची परीक्षा. पहिल्या व्हायोलिनना अखंड धावणारे बारीक स्वर दिलेत, तेही हळू आवाजात, गजाला तारेवरून हलकेच उडू देत. मोठ्याने वाजवले तर ते सोपे जातात, हळू वाजवताना हात आखडतो. त्यातून लय फार वेगवान धरली की पुढे फुंकवाद्यांची लष्करी थाटाची सुरावट येते तेव्हा ती किंचित मागे पडते आणि दोन गट वेगळे ऐकू येतात. ध्वनिमुद्रण पारखायचं असेल तर हीच जागा ऐका. मग एक गाती, मोकळी सुरावट येते. ती बिझेने नंतर रोममध्ये असताना ‘डॉन प्रोकोपिओ’ या विनोदी ऑपेरात पुन्हा वापरली.

सिम्फनी झाकून का राहिली, याचं उत्तर बहुधा इथेच सुरू होतं. ज्या रचनेतून माल काढून दुसरीकडे वापरायचा, ती रचना छापायला कोण देईल? गुनोंशी असलेलं साम्य हे दुसरं कारण. ते बिझेला स्वतःला सर्वांत जास्त दिसत असणार. तिसरं कारण पॅरिसचं. तिथे तरुण संगीतकाराचं नाव होई ते ऑपेरामुळे, आणि ऑपेराकडे जाणारा सरकारी रस्ता म्हणजे प्री द रोम. बिझेने तो पुरस्कार 1857 मध्ये मिळवला. सिम्फनी मागेच राहिली. त्याच्या हयातीत ती एकदाही वाजली नाही. ‘कार्मेन’चा पहिला प्रयोग 3 मार्च 1875 चा, आणि त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, 3 जूनला, वयाच्या 36 व्या वर्षी तो गेला.

कागदपत्रं त्याच्या पत्नीकडे, जनव्हिएव्हकडे राहिली. ती त्याच्या गुरूंची, आलेव्हींची मुलगी. तिच्याकडून हस्तलिखित संगीतकार रेनाल्दो आन यांच्याकडे आलं आणि त्यांनी ते कॉन्झर्व्हेत्वारच्या ग्रंथालयाला दिलं. 1933 मध्ये तिथे ते अभ्यासकांच्या नजरेस पडलं. बिझेचे स्कॉटिश चरित्रकार डी. सी. पार्कर यांनी ते संचालक फेलिक्स वाइनगार्टनर यांच्या कानावर घातलं आणि 26 फेब्रुवारी 1935 रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे ही सिम्फनी पहिल्यांदा वाजली. लिहिल्याला तेव्हा जवळजवळ ऐंशी वर्षं झाली होती. ‘डॉन प्रोकोपिओ’ 1906 मध्येच मोंते कार्लोला रंगमंचावर आला होता, म्हणजे सिम्फनीतली ती चाल सिम्फनीच्या आधी लोकांच्या कानांवर पडून गेली होती!

त्यानंतर ती पसरली ती नृत्यामुळेही. नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बालांचिन यांनी पॅरिस ऑपेराच्या बॅलेसाठी 1947 मध्ये या संगीतावर ‘ले पाले द क्रिस्ताल’ बसवलं. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये तेच ‘सिम्फनी इन सी’ या नावाने आलं. त्यात गोष्ट नाही. प्रत्येक भागाला वेगळी नायिका आहे आणि शेवटच्या भागात सगळे एकत्र येतात. संगीताची घडण डोळ्यांना दिसावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हे नृत्य जरूर पाहावं, विशेषतः दुसरा भाग.

कोणतं ध्वनिमुद्रण घ्यायचं? माझं पहिलं उत्तर संचालक थॉमस बीचम यांचं, फ्रेंच रेडिओच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाबरोबरचं. लय कुठेही घाईची नाही आणि फ्रेंच फुंकवाद्यांचा तो जुना, किंचित अनुनासिक सूर दुसऱ्या भागाला विलक्षण शोभतो. पुढची पायरी लिओपोल्ड स्टोकोव्हस्की यांचं 1977 चं. तेव्हा ते 95 वर्षांचे होते आणि ते त्यांचं शेवटचं ध्वनिमुद्रण ठरलं. त्यातला जोम ऐकून वयाचा अंदाज येणार नाही. नीटस, आटोपशीर वादन हवं असेल तर बर्नार्ड हायटिंक आणि आम्स्टरडॅमचा कॉन्सर्टखेबाउ वाद्यवृंद.

शोधताना एक घोळ नेहमी होतो. बिझेची ‘रोमा’ नावाची दुसरी एक सिम्फनी आहे, तीही सी मेजरचीच. त्यामुळे ॲपवर नुसतं ‘बिझे सिम्फनी सी मेजर’ टाकलं की दोन्ही समोर येतात, कधी एकाच अल्बममध्ये. भागांची नावं पाहा. आपल्याला हवी तिचा पहिला भाग थेट ‘अलेग्रो व्हिव्हो’ असा सुरू होतो. ‘रोमा’ची सुरुवात संथ, ‘आंदांते त्रांक्विलो’ने होते आणि शेवटच्या भागाला ‘कार्नाव्हाल’ म्हणतात. शफल बंद करा. एकूण वेळ साधारण 27 ते 36 मिनिटांच्या दरम्यान दिसेल आणि तो फरक बहुतेक पुनरावृत्तींमुळेच पडतो, त्यामुळे कमी वेळ दिसला म्हणजे वादन वेगवान आहे असं समजू नका.

ही ऐकून झाली की लगेच ‘रोमा’कडे वळू नका. आधी गुनोंची डी मेजर ऐका, तिचा दुसरा भाग दोनदा. मग परत बिझेचा दुसरा भाग लावा. दोन्हींमध्ये फ्यूग कुठे सुरू होतो ते पकडा आणि त्याच्या आधी प्रत्येकाने कोणती सुरावट ठेवली आहे ते ताडून पाहा. त्यानंतर ‘पेतित सुइत’ घ्या. ‘ज्यू दांफां’ या मुलांच्या खेळांवरच्या पियानो तुकड्यांपैकी पाच बिझेने स्वतः वाद्यवृंदासाठी बांधले, ते हे. ‘रोमा’ त्याच्यानंतर.